मेडिक्लेममध्ये फिजिओ बसतं का?

ताई, माझ्या आईच्या (वय ६७) उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण झालं. ११ मार्चला तिला घरी सोडलं. हॉस्पिटलचं बिल कॅशलेसमधून गेलं, त्यात काही अडचण आली नाही. पुढे घरी फिजिओथेरपिस्ट यायच्या. एकूण ४० सिटिंग झाली, प्रत्येकी ६०० रुपये. पैसे आम्ही दर आठवड्याला यूपीआयनं दिले. ३० मेला शेवटचं सिटिंग झालं. ५ जूनला फिजिओचे २४,००० आणि वॉकर व नी ब्रेसचे ३,८०० असा मिळून २७,८०० रुपयांचा क्लेम टाकला. विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या टीपीएनं सगळाच नामंजूर केला. कारणं अशी: डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन नाही, बिल पोस्ट-हॉस्पिटलायझेशनच्या मुदतीबाहेरचं, वॉकर-ब्रेस नॉन-पेएबल, क्लेम उशिरा. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस कव्हर आहेत. मग फिजिओ बसतं की नाही?

दुसरं असं की, वडिलांचा खांदा आखडलाय, त्यांना डायबेटिस आहे. डॉक्टरांनी २० सिटिंग सांगितली आहेत. ओळखीचे एकजण म्हणतात, एक दिवस अ‍ॅडमिट दाखवलं की सगळं क्लेममध्ये बसवता येतं. तसं करावं का?

— एक वाचक, सातारा

•

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते एका शब्दाचं आहे. नको. का नको, ते खाली येईलच.

पत्र मी एकदा वाचलं आणि सोबतचे कागद तीनदा. बारा वर्षं मी टीपीएच्या ऑफिसात बसून अशाच फायली तपासल्या आहेत. खरं सांगू? तुमची फाईल त्या वेळी माझ्या टेबलावर आली असती तर मीही बहुतेक हेच शेरे मारून परत पाठवली असती. तुमच्या क्लेममधले निदान १९,२०० रुपये मिळण्यासारखे आहेत, पण ते कुठल्याच कागदावरून दिसत नाहीत. तिकडे बसलेल्या माणसाला तुमची आई दिसत नाही, त्याच्या स्क्रीनवर फक्त स्कॅन केलेलं बिल असतं.

आधी मुळात फिजिओ मेडिक्लेममध्ये कुठून येतं ते बघू. आपला नेहमीचा मेडिक्लेम म्हणजे अ‍ॅडमिट होण्याचा विमा. निदान २४ तास हॉस्पिटलात राहिलात, किंवा डे-केअरमध्ये (२४ तासांच्या आत घरी सोडतात अशा उपचारांत) मोडणारी प्रोसिजर झाली, की तो जागा होतो. अ‍ॅडमिशनच्या आधीचे काही दिवस आणि नंतरचे काही दिवस त्याला जोडलेले असतात. ‘आरोग्य संजीवनी’ नावाची जी प्रमाणित पॉलिसी २०२० पासून मिळते, तिच्यात ते आधी ३० आणि नंतर ६० असे आहेत. इतर पॉलिसींमध्ये नंतरचे ९० किंवा १८० दिवसही सापडतात. डिस्चार्जनंतरचं फिजिओ येतं ते याच दिवसांमध्ये, अ‍ॅडमिशनचं बोट धरून. त्याला दोन अटी असतात. ज्या आजारासाठी अ‍ॅडमिट होता त्याच आजाराचा खर्च हवा, आणि मूळ हॉस्पिटलायझेशनचा क्लेम मान्य होण्यासारखा हवा. तुमच्या दोन्ही अटी पुऱ्या होतात. ऑपरेशन गुडघ्याचं, व्यायाम गुडघ्याचा, आणि हॉस्पिटलचं बिल कंपनीनं आधीच भरलंय.

तरीही पॉलिसीची पूर्ण वर्डिंग एकदा उघडून बघा, चार पानी ब्रोशर नव्हे. काही कंपन्या पोस्ट-हॉस्पिटलायझेशनच्या कलमात फिजिओथेरपी असं नाव घालून लिहितात, काही तिला वेगळी मर्यादा लावतात, काही नुसतं ‘मेडिकल एक्स्पेन्सेस’ म्हणून थांबतात. तुमच्या पॉलिसीचं जे पान तुम्ही पाठवलंय ते तिसऱ्या प्रकारचं आहे. मग ‘मेडिकल एक्स्पेन्सेस’ म्हणजे काय, हे व्याख्यांच्या पानावर शोधायचं. ती व्याख्या सगळ्या कंपन्यांना सारखीच दिलेली आहे. उपचारासाठी खरोखर झालेला आणि आवश्यक असलेला खर्च, मेडिकल प्रॅक्टिशनरच्या सल्ल्यानं केलेला, आणि त्या भागात इतर ठिकाणी जेवढा आकार घेतात त्याहून जास्त नसलेला. फिजिओ यात बसतं. बसत नाही असं म्हणायचं असेल तर कंपनीनं कलम दाखवावं.

यातले ‘मेडिकल प्रॅक्टिशनरच्या सल्ल्यानं’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण तुमचा पहिला नकार तिथून आलाय. विम्याच्या व्याख्येत मेडिकल प्रॅक्टिशनर म्हणजे मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेला डॉक्टर. फिजिओथेरपिस्ट त्यात येत नाहीत. त्यांची नोंदणी वेगळ्या कौन्सिलकडे असते. म्हणून ‘४० सिटिंग आवश्यक’ असं त्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर कितीही ठळक लिहिलं तरी ते प्रिस्क्रिप्शन धरलं जात नाही. सर्जनचा कागद लागतो.

आणि गंमत म्हणजे तो तुमच्याकडे आहे. डिस्चार्ज समरीचं दुसरं पान काढा. अगदी खाली, गोळ्यांच्या यादीनंतर, पेनानं घाईत लिहिलंय: ‘क्यू-सेट्स, एसएलआर, नी बेंडिंग, फिजिओ अ‍ॅट होम, रिव्ह्यू २ वीक्स.’ क्यू-सेट्स म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू आवळून धरायचा व्यायाम, एसएलआर म्हणजे पाय सरळ ठेवून उचलायचा. ही ओळ म्हणजेच तुमचं प्रिस्क्रिप्शन. पण तुम्ही क्लेमला समरीचं पहिलंच पान जोडलंय. का, ते मी ओळखू शकते. पहिल्या पानावर हॉस्पिटलचा शिक्का आहे, दुसऱ्यावर नाही. आपल्याकडे शिक्का दिसला की कागद पुरा झाला असं वाटतं.

टाके काढायला गेला होता तेव्हाचा ओपीडीचा कागदही शोधा. त्यावर ‘कंटिन्यू फिजिओ’ असं काहीतरी असण्याची दाट शक्यता आहे. एवढ्यावर सर्जनकडून एक छोटं पत्र घ्या: अमुक तारखेला गुडघ्याचं सांधेरोपण केलं, डिस्चार्जच्या वेळी घरी फिजिओथेरपीचा सल्ला दिला होता, सांधा मोकळा होण्यासाठी ती आवश्यक होती. तारीख मात्र आजचीच. मागची तारीख टाकून द्या अशी गळ घालू नका. खऱ्या फाईलला खोटा कागद जोडला की खरी फाईलही संशयात जाते.

आता मुदत. ६० दिवस मोजायचे ते डिस्चार्जपासून, ऑपरेशनपासून नव्हे. ११ मार्चला डिस्चार्ज म्हणजे १० मे हा साठावा दिवस. फिजिओताईंच्या वहीचा जो फोटो तुम्ही पाठवलाय त्यात तारखा मोजल्या. १० मेपर्यंत ३२ सिटिंग झाली आहेत, त्यानंतर ८. म्हणजे ३२ चे १९,२०० रुपये मुदतीत आणि ८ चे ४,८०० मुदतीबाहेर. ते ४,८०० सोडून द्या. त्यांच्यासाठी भांडायला तुमच्याकडे काही नाही, आणि ते धरून ठेवले तर उरलेल्या क्लेमचंही वजन कमी होतं.

मग टीपीएनं सगळंच मुदतीबाहेर का म्हटलं? बिल बघा ना. एक लेटरहेड, त्यावर एक ओळ, ‘फिजिओथेरपी चार्जेस रु. २४,०००/-’, आणि तारीख २ जून. हे बघून समोरचा माणूस दुसरं काय समजणार? प्रत्यक्षात कलमात शब्द आहेत मुदतीत ‘झालेला’ खर्च. बिल कधी फाडलं याला महत्त्व नाही, उपचार कधी झाला आणि पैसे कधी दिले याला आहे, आणि तुम्ही तर दर आठवड्याला यूपीआय केलंय. तेव्हा फिजिओताईंकडून तारीखवार तपशील मागा: कुठल्या दिवशी सिटिंग झालं, दर किती, खाली सही, पदवी आणि कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. सोबत बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्या रकमांवर खूण करून जोडा. नोंदणी क्रमांक विसरू नका. घरी येऊन ‘मालिश-व्यायाम’ करून देणारे पुष्कळ असतात. समोरची व्यक्ती शिकलेली फिजिओथेरपिस्ट आहे हे त्या क्रमांकावरूनच कळतं.

अजून एक कागद मागा. त्याचं महत्त्व पेशंटच्या घरच्यांना सहसा ठाऊक नसतं. फिजिओथेरपिस्ट सांध्याचा कोन मोजतात, दोन पट्ट्या जोडलेल्या कोनमापकानं, त्याला गोनिओमीटर म्हणतात. पहिल्या आठवड्यात गुडघा किती अंशांत वाकत होता, महिन्यानं किती, पूर्ण सरळ होत होता की नाही, अशा नोंदी चांगल्या फिजिओ ठेवतातच. खुर्चीतून नीट उठायला साधारण ९० अंशांच्या पुढे वाकणारा गुडघा लागतो. नोंदीत तो ६० वरून १०० वर गेलेला दिसला की हा उपचार होता, नुसती सेवा नव्हती, हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. माझ्या टेबलावर असा आकड्यांचा कागद असलेली फाईल क्वचित यायची, आणि आली की तिच्यावर क्वेरी काढायला कारणच उरायचं नाही.

उशिराचा मुद्दा त्यामानानं सोपा आहे. डिस्चार्जनंतरच्या खर्चाचा क्लेम ती मुदत संपल्यावर सहसा १५ दिवसांत टाकायचा असतो. तुमचा २५ मेपर्यंत जायला हवा होता, ५ जूनला गेला. अकरा दिवस उशीर. पण विमा नियामक आयआरडीएआयनं २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकातच कंपन्यांना बजावलंय की, उशिरामागे खरं कारण असेल तर केवळ उशीर झाला म्हणून क्लेम नाकारू नका. उपचार ३० मेपर्यंत चालू होते, सगळी सिटिंग संपल्यावर एकदम क्लेम करायचा असं वाटलं, एवढं सरळ लिहा. हॉस्पिटलचा दाखला वगैरे जोडायला जाऊ नका.

वॉकर आणि नी ब्रेसच्या बाबतीत टीपीए बरोबर आहे. कंपन्या ज्या वस्तूंचे पैसे देत नाहीत त्यांची ६८ नावांची एक प्रमाणित यादी आहे. वॉकरसारखी चालण्याची साधनं, गुडघ्याचे ब्रेस, कमरेचा पट्टा, मानेची कॉलर, हाताची झोळी, सगळं तिच्यात आहे. म्हणजे हाडांच्या पेशंटला दुकानातून जे जे आणावं लागतं ते जवळपास सगळंच. मला ही यादी कधीच पटली नाही. सांधा बदलायला लाखभर द्यायचे आणि त्यावर उभं राहायला लागणारा वॉकर मात्र पेशंटचा. पण ती पॉलिसीत छापलेली आहे. काही कंपन्या जादा प्रीमियम घेऊन या वस्तूही कव्हर करतात. तुमच्या पॉलिसीत तसं रायडर दिसत नाही.

आता कागद जमले की टीपीएला नको, थेट विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. टीपीए हा मधला माणूस, क्लेम देणं-नाकारणं ही जबाबदारी कंपनीची. मेलमध्ये राग नको आणि आईच्या वेदनांचं वर्णनही नको. डिस्चार्ज ११ मार्च, मुदत १० मेपर्यंत, त्यातली सिटिंग ३२, रक्कम १९,२००, सल्ला डिस्चार्ज समरीच्या पान २ वर, तपशील सोबत. आणि शेवटी एक वाक्य: क्लेम नाकारायचाच असेल तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली ते कळवावं. हे वाक्य माझ्या पदरचं नाही. २९ मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या मास्टर सर्क्युलरनुसार नकार देताना नेमक्या अटीचा हवाला द्यावा लागतो, आणि कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीसारख्या अंतर्गत समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. ‘आपला क्लेम आमच्या कमिटीनं पाहिला आहे का?’ हे विचारायला हरकत नाही. या एका प्रश्नावर फाईल पुन्हा उघडलेली मी पाहिली आहे.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं पुण्यात आणि मुंबईत आहेत, सातारकरांना पुणं जवळचं. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, तेव्हा १९,२०० घेऊन जाताना संकोच वाटू देऊ नका. अट एवढीच की, आधी कंपनीकडे लेखी तक्रार झालेली असावी आणि कंपनीनं नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जावं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार टाकता येते, पण तिथून ती पुन्हा कंपनीकडेच जाते. त्याचा उपयोग कंपनीला हलवण्यापुरता.

वडिलांकडे येऊ. आखडलेला खांदा डायबेटिस असलेल्यांना जास्त होतो आणि महिनोन्‌महिने रेंगाळतो, तेव्हा २० सिटिंग काही जास्त नाहीत. पण ते चालत क्लिनिकला जाणार, व्यायाम करून परत येणार. याला विम्याच्या भाषेत ओपीडी म्हणतात आणि साध्या मेडिक्लेममध्ये ओपीडी नसते. घरी फिजिओ बोलावलं तरी ते ‘डोमिसिलियरी’मध्ये बसत नाही. त्याचा अर्थ ज्याला खरोखर हॉस्पिटलात ठेवायला हवं होतं, पण हलवता आलं नाही किंवा खाट मिळाली नाही, असा पेशंट. एजंट लोक हा शब्द फार सैल वापरतात.

राहिली एक दिवस ‘अ‍ॅडमिट दाखवण्याची’ युक्ती. मानदुखी-पाठदुखीला दोन दिवस अ‍ॅडमिट, ट्रॅक्शन आणि शेक, अशा फायली क्लेमच्या टेबलावर इतक्या येतात की त्या बघताक्षणी ओळखू येतात. नर्सिंग चार्टवर दर चार तासांनी तंतोतंत तेच बीपी, औषधं सगळी तोंडी, सलाईन नाही, इंजेक्शन नाही. ‘हे ओपीडीत होण्यासारखं होतं’ या शेऱ्यावर अशी फाईल नाकारली जाते. ही झाली त्यातल्या त्यात बरी शक्यता. तपासनीस हॉस्पिटलात गेला आणि अ‍ॅडमिशन खोटं निघालं तर फसवणुकीच्या कलमाखाली पॉलिसीचे सगळे लाभ जातात. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की कंपनीला जुन्या आजाराची माहिती लपवली वगैरे सांगून क्लेम नाकारता येत नाही, हे २०२४ पासूनचं संरक्षण तुम्हाला आहे. त्याला अपवाद एकच, सिद्ध झालेली फसवणूक. पासष्टी गाठलेल्या, डायबेटिस असलेल्या माणसाची चालू पॉलिसी बारा हजारांच्या फिजिओसाठी पणाला लावायची? ते ओळखीचे गृहस्थ त्या दिवशी तुमच्यासोबत उभे राहणार नाहीत.

ओपीडीचं रायडर घ्यावं का, असा तुमचा पुढचा प्रश्न असेल. गणित करून बघा. समजा वर्षाला ५,००० रुपयांची ओपीडी मर्यादा मिळतेय आणि जादा प्रीमियम ३,५०० आहे, तर जास्तीत जास्त फायदा १,५०० चा, तोही फिजिओ त्यात धरलेलं असेल आणि कंपनीच्या यादीतल्याच क्लिनिकमध्ये गेलात तर. वडिलांच्या बाबतीत मी तो पैसा थेट फिजिओला देईन. शिवाय जिल्हा रुग्णालयात आणि फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीत नाममात्र दरात उपचार होतात. शिकणारी मुलं असतात, पण डोक्यावर सर उभे असतात आणि घाई नसते. एकदा चौकशी करा.

हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी पक्षाघाताचा पेशंट असेल तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. तिथे ६० दिवस म्हणजे काहीच नाही, आणि पुनर्वसन केंद्रात अ‍ॅडमिट केलं की कंपनी ‘रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन’ हे वगळणीचं कलम पुढे करते. त्या कलमाचं नुसतं शीर्षक वाचून गप्प बसू नका. आतला मजकूर असा आहे की, मुख्यतः सक्तीच्या विश्रांतीसाठी, उपचारासाठी नव्हे, केलेलं अ‍ॅडमिशन, आणि आंघोळ-कपडे-चालणं यातली नुसती देखभाल. रोज ठरलेले तास सक्रिय फिजिओथेरपी चालली आहे, न्यूरॉलॉजिस्टच्या नोंदी आहेत, हाताची ताकद वाढल्याचं लिहिलेलं आहे, तर ‘हे उपचारासाठीच होतं’ असं म्हणायला जागा राहते. दर वेळी मिळेल असं नाही, पण लोकपालांपर्यंत नेण्यासारखा तो मुद्दा आहे.

तर तुम्ही या आठवड्यात सर्जनचं पत्र आणि फिजिओताईंचा तपशील एवढे दोनच कागद मिळवा. बाकी सगळं तुमच्या घरातच आहे. आणि एवढ्या लांब पत्रात एक गोष्ट तुम्ही कुठेच लिहिली नाहीत: चाळीस सिटिंगनंतर आईंचा गुडघा आता किती वाकतो? फिजिओताईंना विचारा. अंशांत लिहून घ्या, अर्जाला लागेल.